लष्कर नसलेल्या देशाचा समुद्रपहारा

आइसलँडला लष्कर नाही हे वाचलं, तेव्हा मला पहिला प्रश्न पडला: मग समुद्र कोण राखतं? उत्तर आहे, तटरक्षक दल. १९२६ साली स्थापन झालेलं हे दल न्याय मंत्रालयाच्या अखत्यारीत येतं. मासेमारीवर नजर, बुडत्या बोटींची सुटका, समुद्रतळाचं सर्वेक्षण, बॉम्ब निकामी करणं, सगळं याच छोट्या दलाकडे.

खरी कसोटी लागली कॉड माशावरून. आइसलँडने मासेमारीची हद्द १९५८ मध्ये १२, १९७२ मध्ये ५० आणि १९७५ मध्ये २०० सागरी मैलांवर नेली. ब्रिटनने आपल्या ट्रॉलर्सच्या रक्षणाला युद्धनौका धाडल्या. तोफांपुढे या दलाचा निभाव लागणं अशक्यच. मग गस्ती जहाजामागे ओढायचं एक कापणारं अवजार आलं. ते ट्रॉलरची तार तोडायचं आणि महागडं जाळं तळाशी जायचं. जहाजं एकमेकांवर आदळली. १९७३ मध्ये अशाच टकरीनंतर दुरुस्ती करताना एक आइसलँडिक इंजिनिअर विजेच्या धक्क्याने गेला.

१९७६ मध्ये ब्रिटनने माघार घेतली. त्यात नाटोतून बाहेर पडण्याच्या आइसलँडच्या धमकीचाही वाटा होता. हल आणि ग्रिम्सबीच्या खलाशांचा मात्र रोजगार गेला.

त्याच वर्षी भारतानेही २०० सागरी मैलांच्या आर्थिक क्षेत्राचा कायदा केला. १९७८ मध्ये आपलं तटरक्षक दल कायद्याने उभं राहिलं. आज रत्नागिरीत परराज्यांतल्या ट्रॉलर्सवरून वाद होतो, तेव्हा हद्द राज्याची, १२ सागरी मैलांची असते. मला प्रश्न मात्र तोच दिसतो: नियम कागदावर आहे, पण गस्तीला बोट आहे का?