मालवणची उलांडी

शिडाच्या लहान नौकेवर वारा एकाच वेळी दोन संकटे आणतो. पुढे नेता नेता तो तिला आडवी सरकवतो, आणि शिडाच्या उंचीवर आपला भार टाकून तिला कुशीवर पाडू पाहतो. मोठ्या गलबताला ही दोन्ही संकटे त्याच्या खोल बुडामुळे आणि पोटात भरलेल्या नीरमामुळे, म्हणजे तोलासाठी घातलेल्या वजनामुळे, सोसवतात. परंतु जी नौका रोज चार माणसांनी खांदा देऊन वाळूवर ओढून घ्यावयाची, जिला खाडीच्या मुखावरील उथळ दांडा भरतीच्या वेळी कसाबसा ओलांडावयाचा, तिला खोल बूड देणे म्हणजे तिच्या धन्याचा धंदाच बंद करणे होय. म्हणून जगातल्या प्रत्येक उथळ किनाऱ्यावरील नाविकांना या प्रश्नाचे आपापले उत्तर शोधावे लागले, आणि त्या उत्तराबरोबरच, शोधलेली वस्तू मोडली तर ती कोणी, कशाने आणि किती वेळात दुरुस्त करावयाची, याचाही निर्णय करावा लागला. मालवणच्या किनाऱ्याने दिलेले उत्तर मला विशेष मोलाचे वाटते ते या दुसऱ्या निर्णयामुळे.

पश्चिमेकडील नाविकांनी हा प्रश्न नौकेच्या तळाशी सोडवला. हॉलंडच्या उथळ पाण्यातील नौका आपल्या दोन्ही कुशींना पाण्यात सोडावयाच्या रुंद फळ्या बांधत. पुढे १७७४ साली ब्रिटिश आरमारातील जॉन शँक या अधिकाऱ्याने अमेरिकेतील बोस्टन येथे लॉर्ड पर्सी यांच्यासाठी एक लहान नौका बांधून तिच्या तळातून खालीवर सरकणारी फळी बसवली, आणि १८११ साली न्यू जर्सीतील स्वेन बंधूंनी एका टोकाशी खिळीवर फिरणाऱ्या फळीचा हक्क आपल्या नावे नोंदवून घेतला. आज शिडाच्या शर्यतीत धावणाऱ्या बहुतेक लहान नौकांच्या पोटात अशीच फळी असते. कल्पना सुंदर आहे यात संशय नाही. खोल पाण्यात फळी खाली सोडावी, उथळ पाणी आले की वर ओढावी, आणि एकाच नौकेकडून दोन नौकांचे काम घ्यावे. मात्र तिच्यासाठी तळाच्या कण्याला लांब भेग पाडावी लागते, त्या भेगेवर पाणी आत न येईल अशी उभी पेटी बांधावी लागते, आणि खडकावर आपटून फळी मोडली म्हणजे सगळी नौका रिकामी करून, कुशीवर किंवा पालथी घालून, खिळी काढून, पेटीत अडकलेला तुकडा ठोकून बाहेर काढावा लागतो. नवी फळी जाडीला किंचित जास्त झाली तर पाण्याने फुगून ती पेटीतच घट्ट बसते; किंचित कमी झाली तर लाटेगणिक ती पेटीच्या कडांवर आदळून सांधे सैल करते. शँकच्याच योजनेप्रमाणे तीन सरकत्या फळ्या घेऊन ऑस्ट्रेलियास गेलेले 'लेडी नेल्सन' हे जहाज १८०२ साली मॅथ्यू फ्लिंडर्सच्या सर्वेक्षणाच्या कामी तेथील प्रवाळी खडकांत शिरले, तेव्हा फळ्या मोडल्या, आणि वाऱ्याच्या तोंडावर चालण्याची शक्ती गेल्यामुळे फ्लिंडर्सला ते जहाज अर्ध्या मोहिमेतून सिडनीस परत पाठवावे लागले. जिच्या भरवशावर जहाज त्या उथळ पाण्यात शिरले होते, ती फळी त्याच पाण्यात मोडली, आणि ती नवी करण्याचे साधन जवळ कोठेही नव्हते.

आता मालवणचा समुद्र डोळ्यांसमोर आणावा. १६६४ च्या नोव्हेंबर महिन्यात ज्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाचा पाया घातला, त्या बेटाच्या सभोवार खडकांच्या इतक्या माळा पाण्याखाली दडलेल्या आहेत की वाटाड्यावाचून परक्या जहाजाने तेथे शिरू नये, आणि ती जागा पसंत करण्याचे एक कारणही हेच होते. दक्षिणेस देवबागपाशी कर्ली नदी, उत्तरेस कोळंबची खाडी, त्यापुढे आचरे, त्याहीपुढे देवगड व विजयदुर्ग, अशी ही सारी किनारपट्टी खडक, वाळूचे दांडे आणि खाड्यांची मुखे यांनीच भरलेली. अशा जागी तळातून खाली लोंबणारी कोणतीही वस्तू टिकणे कठीण. येथल्या गाबीत, खारवी, दालदी व भंडारी नाविकांनी आपल्या पातीचा, म्हणजे लहान होडीचा, आधार तळाखाली न ठेवता तिच्या कुशीबाहेर, पाण्याच्या पृष्ठावर ठेवला. नौकेच्या एकाच बाजूला, बहुधा डाव्या, दोन आडवे वासे बाहेर काढून त्यांच्या टोकांशी तिच्या लांबीला समांतर असा हलक्या लाकडाचा ओंडका बांधावयाचा, हीच उलांडी.

उलांडीचे काम तळातल्या फळीच्या कामाहून वेगळे आहे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. आडवे सरकणे ती थोडेफार रोखते, कारण ओंडकाही पाणी कापीत चालतो; पण तिची खरी कामगिरी नौकेला उलटू न देण्याची. वारा उलांडीच्या बाजूने आला म्हणजे तिचे वजन शिडाचा भार तोलून धरते, आणि वारा वाढलाच तर एकदोघे गडी वाशावर सरकून त्या वजनात आपल्या शरीराची भर घालतात. वारा दुसऱ्या बाजूने आला म्हणजे ओंडक्याचे तरंगणे कामास येते, परंतु त्याला मर्यादा असते, आणि त्या मर्यादेचा अंदाज सुकाणू धरणाऱ्याच्या अंगी मुरलेला असावा लागतो. या गुणामुळे अरुंद, उथळ, चार माणसांनी उचलता येईल अशी होडी पहाटेच्या मतलई, म्हणजे जमिनीवरून वाहणाऱ्या, वाऱ्यावर शीड लावून बाहेर जाऊ शकली, आणि जाळी टाकून भर दुपारच्या दर्यावाऱ्यात परतू शकली. मद्रास इलाख्याच्या मत्स्य खात्याचे संचालक जेम्स हॉर्नेल यांनी १९२० साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीतर्फे प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात हिंदुस्थानातील नौकांचे जे परीक्षण केले, त्यात त्यांनी या प्रकारच्या नौकांचा संबंध मलाया व प्रशांत महासागराच्या बेटांवरील नाविकांशी जोडला. मादागास्करपासून पॅसिफिकच्या बेटांपर्यंत अशा नौका पसरलेल्या आहेत, हे ध्यानी घेता मालवणची लहानशी पात फार मोठ्या कुळातली ठरते.

तरीही दूरच्या त्या नात्यापेक्षा मला तिची दुरुस्ती अधिक विचार करण्याजोगी वाटते. उलांडी मोडते ती बहुधा तीन ठिकाणी: वासा नौकेच्या काठावर टेकतो तेथे, वासा ओंडक्याला मिळतो तेथे, किंवा खुद्द ओंडका पाणी पिऊन जड होतो आणि निकामी ठरतो. तिन्ही बाबतींत नौकेच्या अंगाला करवत लावावी लागत नाही. काठावर सुंभाचे जुने वेढे कापून टाकावयाचे, नवा वासा त्याच जागी बसवावयाचा, ओला केलेला सुंभ दोघांनी पाय रोवून ताणीत पुन्हा वेढावयाचा आणि शेवटचे वेढे आधीच्या वेढ्यांवर आडवे घालून ते आवळून घ्यावयाचे. या सगळ्या बांधणीत लोखंडाचा खिळा नसतो. त्यामुळे लाटेचा धक्का गाठीत जिरतो, आणि खारे पाणी खाऊन गंजेल असे काही उरत नाही. ओंडक्यासाठी पांगाऱ्यासारखे हलके लाकूड हवे, जे कोकणात कुंपणाच्या कडेलाच उभे असते. तोडलेला पांगारा सावलीत वाळवून तो हलका होऊ द्यावयाचा, वासल्याने त्याची दोन्ही टोके लाटेवर चढतील अशी वर निमुळती करावयाची, आणि वाशांच्या जागी उथळ खाचा घ्यावयाच्या. मोडकी उलांडी घेऊन किनाऱ्यास लागलेल्या कुटुंबाला त्यासाठी ना गोदीचा खर्च, ना परगावच्या मिस्त्रीची वाट पाहणे.

नौकेच्या अंगाची बांधणीही फार वेगळी नव्हती. रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाचे, जड जाळे नेणाऱ्या मोठ्या होड्यांत फळ्या खिळ्यांनी न जोडता काथ्याच्या दोरीने शिवण्याची रीत या किनाऱ्यावर आणि खाली कारवारपर्यंत होती. फळ्यांच्या कडांना भोके पाडून, सांध्यावर काथ्याची गादी ठेवून टाके घालावयाचे, आणि वर राळ व मोरीच्या यकृताचे तेल लावून ते पक्के करावयाचे. होर्मुझची शिवलेली जहाजे पाहून मार्को पोलोने ती वाईट ठरवली, कारण त्याची नजर व्हेनिसच्या लोखंडी खिळ्यांना सरावलेली होती. परंतु दर फेरीला वाळूवर आपटणाऱ्या होडीला जो लवचिकपणा लागतो तो टाक्यांतच असतो, आणि एक फळी फुटली तर तेवढेच टाके उसवून ती बदलता येते. या बाबतीत मार्को पोलोचा निवाडा मला मान्य नाही.

दुरुस्तीची ही दृष्टी केवळ कोळीवाड्यापुरती नव्हती, याचा पुरावा खुद्द राज्यकारभाराच्या दप्तरात आहे. कोल्हापूर दरबारासाठी १७१५ च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या आणि रामचंद्रपंत अमात्य बावडेकर यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात आरमाराचे जे प्रकरण आहे, त्यात लाकडाचा विचार ज्या ममतेने केला आहे तिला तोड नाही. तख्ते, सोट व डोलकाठ्या यांसाठी सागवान वगैरे जंगली झाडे हुजूरच्या परवानगीने तोडावी, कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावे. आंबा व फणस ही झाडेही आरमाराच्या उपयोगाची खरी, पण रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, म्हणून त्यांना हात लावू नये, आणि अगदीच जीर्ण झाड असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊनच ते न्यावे, असा त्याचा आशय आहे. पावसाळ्यापूर्वी आरमार खाडीत, किल्ल्याच्या आश्रयाने छावणीस घालावे, आणि एकाच बंदरावर दरसाल त्याचा भार पडू देऊ नये, अशीही खबरदारी तेथे सांगितली आहे. हे लिहिणाऱ्याची जहागीर घाटमाथ्यावर बावड्यास, म्हणजे आजच्या वैभववाडीच्या डोक्यावर; कोकणातल्या एकेका फणसाची किंमत त्याला पुरी माहीत होती, हे ओळीओळीतून दिसते.

या शहाणपणाला दगडात उतरवलेले पाहावयाचे असेल तर विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीत गिर्ये गावाच्या हद्दीत जावे. तेथे आंग्र्यांच्या काळची गोदी खडक खोदून तयार केलेली आहे. तिची लांबी सुमारे ३५५ फूट व रुंदी २२७ फूट सांगतात. भरतीला जहाज आत घ्यावे, ओहोटीला पाणी उतरले की तळ उघडा पडे, मग तोंड बंद करून सुतार कामाला लागत. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांच्या वतीने वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला आणि आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळाले. पुढे पेशव्यांचे आरमारी सरदार धुळप तेथे नांदले, आणि १८१८ नंतर गोदी गाळाने भरत गेली. मालवण त्याआधीच, १८१२ च्या तहाने, कोल्हापूरकरांकडून इंग्रजांच्या हवाली झाले होते. राज्ये गेली, आरमारे गेली, मोठ्या जहाजांची दुरुस्ती मुंबईच्या गोदीकडे गेली; लहान पात मात्र कोणत्याही तहात आली नाही, म्हणून तिची उलांडी वाळूवरच मोडत राहिली आणि वाळूवरच बांधली जात राहिली.

तिच्यावर खरा आघात झाला तो इंजिनाचा. १९५० नंतरच्या दशकांत मासेमारीचे यांत्रिकीकरण सुरू झाले, शीड उतरले, आणि शीड उतरल्यावर त्याच्या भाराला तोलून धरणाऱ्या उलांडीचे अर्धे प्रयोजन संपले. त्यानंतर काचतंतूच्या पाती आल्या, ज्यांना सुताराऐवजी रसायनाचा डबा पुरतो. हा बदल अन्यायाचा होता असे मी म्हणणार नाही; ज्या घरातला कर्ता पुरुष उलटलेल्या होडीखाली गेला, त्या घराला इंजिनाची किंमत शिकवावी लागत नाही. आज या किनाऱ्यावर शिडाची विद्या टिकून आहे ती राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेत, जिचे छात्र २७ फुटी व्हेलर नौकांतून शीडसफरी करतात. आणि या व्हेलरच्या तळातून खाली सोडावयाची फळी असते, म्हणजे शँकची फळी अखेर कोकणात पोचली.

सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याच्या किल्ल्यांची मोजमापे झाली, किल्ल्यांवर ग्रंथ झाले. तितक्याच आस्थेने उलांडीसह एका पातीचे मोजमाप घेऊन, तिच्या प्रत्येक भागाचे नाव जुन्या तांडेलांकडून व सुतारांकडून लिहून घेऊन, पांगारा तोडण्यापासून शेवटचा वेढा आवळण्यापर्यंतचे काम त्यांच्याच हातून एकदा करवून त्याचे चित्रीकरण करावे, अशी माझी कळकळीची सूचना आहे. गाठींचा क्रम कागदावर नीट उतरत नाही. तो हात चालत असतानाच पाहावा लागतो. यासाठी हंगामही ठरलेलाच आहे: जून ते नारळी पौर्णिमा, जेव्हा पाती माडाच्या झावळ्यांखाली वर ओढलेल्या असतात आणि ज्यांना ही विद्या येते त्यांना बसून सांगावयास सवड असते.