लहान बाळाला मध का देऊ नये?

नवजात बाळाच्या जिभेवर सोन्याच्या अंगठीने किंवा बोटाने मधाचा थेंब टेकवण्याची प्रथा महाराष्ट्रातील अनेक घरांत आहे. काही घरांत बाळगुटीही मधात कालवून चाटवली जाते. बालरोगतज्ज्ञ मात्र एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध मुळीच देऊ नये, असे बजावतात. वर्षानुवर्षे न नासणारा, मोठ्यांना खोकल्यावर दिला जाणारा मध बाळाला अपायकारक कसा ठरतो?

मधमाश्या फुलांतून जो मकरंद गोळा करतात, त्यात पाण्याचे प्रमाण बरेच असते. पोळ्यात पंखांनी वारा घालून त्या हे पाणी उडवतात. तयार मधात ते साधारणतः २० टक्क्यांहून कमी उरते. शर्करेचे हे द्रावण इतके दाट असते की, त्यात शिरलेल्या जिवाणूंच्या पेशींतील पाणी बाहेर खेचले जाते. शिवाय मध आम्लधर्मी असतो. त्यामुळे त्यात जिवाणूंची वाढ होत नाही. परंतु वाढ न होणे म्हणजे मरणे नव्हे.

क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाचा जिवाणू मातीत सर्वत्र आढळतो. परिस्थिती प्रतिकूल झाली की तो जाड कवचाच्या बीजाणूचे रूप घेऊन सुप्तावस्थेत जातो. धुळीबरोबर हे बीजाणू फुलांवर आणि मधमाश्यांमार्फत मधात पोहोचू शकतात. तेथे ते वाढत नाहीत, पण जिवंत राहतात. १०० अंश सेल्सिअस तापमानाला उकळूनही ते खात्रीने मरत नाहीत. त्यासाठी दाबाखाली सुमारे १२१ अंशांपर्यंत तापवावे लागते. म्हणूनच मध घरचा असो वा बाजारातला, शुद्ध असो वा गरम केलेला, धोका टळत नाही.

मोठ्या माणसाच्या आतड्यात उपकारक जिवाणूंची दाट वस्ती असते. ती या बीजाणूंना रुजू देत नाही. बाळाच्या आतड्यात ही वस्ती पुरती तयार झालेली नसते. तेथे बीजाणू रुजतात, जिवाणू वाढतात आणि अत्यंत जहाल विष निर्माण करतात. चेतातंतूंकडून स्नायूंना आज्ञा पोहोचवणारे ॲसिटिलकोलीन हे रसायन या विषामुळे स्रवेनासे होते आणि स्नायू लुळे पडत जातात.

‘शिशु बॉट्युलिझम’ हा आजार १९७६ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियात प्रथम ओळखला गेला. बहुतेक रुग्ण सहा महिन्यांच्या आतील असतात. बीजाणू पोटात गेल्यानंतर साधारणतः ३ ते ३० दिवसांत लक्षणे दिसू लागतात. पहिले लक्षण बहुधा बद्धकोष्ठ असते आणि खरी फसगत येथेच होते. शी होत नाही म्हणून बाळाला पुन्हा मधातली गुटी चाटवली जाण्याचा संभव असतो. पुढे बाळ नीट दूध ओढत नाही, रडणे क्षीण होते, पापण्या जड होतात, धरलेली मान पुन्हा लुळी पडते. श्वसनाचे स्नायू दुबळे झाल्यास जिवावर बेतू शकते. अशी लक्षणे दिसताच बाळाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे आणि मध दिला असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. या विषाला निष्प्रभ करणाऱ्या प्रतिपिंडांच्या औषधाला अमेरिकेत २००३ मध्ये मान्यता मिळाली. वेळेवर उपचार मिळाल्यास बहुतेक बाळे पूर्ण बरी होतात. मात्र त्यास काही आठवडे किंवा महिनेही लागतात.

हा आजार दुर्मीळ आहे आणि प्रत्येक वेळी त्याचे कारण मधच असते असे नाही. मध चाटवलेले प्रत्येक बाळ आजारी पडत नाही, म्हणूनच प्रथा निर्धोक वाटते. धुळीतील बीजाणू टाळणे कोणाच्याच हाती नाही. मध टाळणे मात्र सहज शक्य आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतील टेक्सासमध्ये मध भरलेल्या चोखण्यांमुळे चार बाळांना हा आजार झाला होता. म्हणून गुटीत, चोखणीवर किंवा बोटानेही मध देऊ नये. चुकून दिला गेला असल्यास घाबरून न जाता महिनाभर बाळावर लक्ष ठेवावे. स्तनदा मातेने स्वतः मध खाण्यास हरकत नाही, कारण हा आजार दुधावाटे बाळाला होत नाही. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. मधाचा थेंब पहिल्या वाढदिवसानंतर दिला, तरी त्याची गोडी कमी होत नाही.