रंगांनी मोजलेलं संगीत

एपिसोडमध्ये अ‍ॅन अ‍ॅडम्स यांचा विषय दोन मिनिटांत उरकला. ते मनाला लागून राहिलं, म्हणून हे थोडं सविस्तर.

अ‍ॅन कॅनडातल्या. पेशीजीवशास्त्रात पीएचडी, पती गणितज्ञ. १९८६ साली मुलाला मोटार अपघात झाला, त्याची शुश्रूषा करायला त्यांनी रजा घेतली. मुलगा काही आठवड्यांत बरा होऊन शाळेत जाऊ लागला. आई मात्र प्रयोगशाळेत परतलीच नाही. त्या चित्रं काढू लागल्या. ऑफिसला जावं तशा, रोज नऊ ते पाच!

१९९४ मध्ये त्यांनी राव्हेलचं 'बोलेरो' रंगवलं. अगदी मोजून. ही रचना ३४० बारची (आपल्याकडच्या आवर्तनासारखं काहीसं समजा), दोनच धुना आलटून-पालटून, आवाज चढत जाणारा. चित्रात प्रत्येक बारसाठी एक उभी आकृती: आवाजानुसार उंची, स्वरानुसार रंग. ३२६व्या बारला पट्टी अचानक बदलते, तिथे भडक नारिंगी आणि गुलाबी उसळतात. पुढे 'पाय' या संख्येचे अंकही त्यांनी असेच रंगांत मांडले. मला तरी यात प्रयोगवही दिसते.

२००० च्या सुमारास त्यांना बोलताना शब्द सापडेनात. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ब्रूस मिलर यांच्या गटाने त्यांचा अभ्यास केला. निदान: प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेजिया, म्हणजे भाषा हिरावून घेणारा डिमेन्शिया. काटेकोर बोलायचं तर हा मानसिक आजार नव्हे, मेंदूची झीज. स्कॅनमध्ये भाषेचा डावा भाग झिजलेला आणि उजवीकडचा मागचा भाग उलट जास्त भरलेला दिसला. राव्हेललाही पुढे असाच काही विकार जडला. 'बोलेरो' १९२८ मधलं, तेव्हा तो ५३ वर्षांचा. अ‍ॅननी ते रंगवलं तेव्हा त्याही ५३च्याच.

इथेच लोक घाई करतात. 'आजाराने कला दिली' हे ऐकायला छान वाटतं. पण हा आजार झालेले बहुतेक लोक चित्रकार होत नाहीत, आणि अ‍ॅन तरुणपणीही थोडंफार चित्र काढत होत्याच. शिवाय आजाराने नेलं किती! आधी बोलणं गेलं. चित्रं फोटोसारखी हुबेहूब होत गेली, मग ब्रशही हातात धरवेना. २००७ मध्ये त्या गेल्या.

पुढच्या वर्षी 'ब्रेन' या नियतकालिकात त्यांच्यावरचा शोधनिबंध आला. शीर्षकाची सुरुवात त्यांच्या चित्राच्याच नावाने होती: 'अनरॅव्हलिंग बोलेरो'.