मधुसूदन दत्त बिशप्स कॉलेजांत

कलकत्त्याच्या समोर, हुगळीच्या पश्चिम तीरावर, शिवपूर येथें वनस्पतिउद्यानाला लागून एक विस्तीर्ण आवार आहे. आज तेथें अभियांत्रिकीचें शिक्षण देणारी मोठी संस्था आहे. परंतु १८८० सालापर्यंत ही जागा एका धर्मविद्यालयाची होती, आणि ‘मेघनादवध’ काव्याचा कर्ता मधुसूदन दत्त हा त्या विद्यालयांत १८४४ च्या अखेरीपासून सुमारें तीन वर्षें शिकत होता. कवीच्या चरित्रांतील हा भाग बहुधा दोनचार वाक्यांत उरकला जातो. धर्मांतराची खळबळ अगोदर होऊन गेलेली, काव्याचें वैभव पुढें यावयाचें. मधल्या या तीन वर्षांकडे कोणाचें लक्ष जावें? आम्हांला मात्र तोच भाग अधिक विचार करण्याजोगा वाटतो.

या विद्यालयाचें नांव बिशप्स कॉलेज. कलकत्त्याचे पहिले बिशप टॉमस मिडलटन यांच्या खटपटीनें तें निघालें व १५ डिसेंबर १८२० रोजीं त्याची कोनशिला बसली. येथील ख्रिस्ती तरुणांतून धर्मोपदेशक व शिक्षक तयार करावे, धर्मग्रंथांचीं देशी भाषांत भाषांतरें करवावीं, आणि विलायतेहून नव्यानें येणाऱ्या मिशनऱ्यांना इकडील भाषांचा परिचय करून द्यावा, असे त्याचे हेतु होते. विलायतेंतील धर्मसंस्थांनीं पैसा सढळ हातानें दिला. इमारती गॉथिक पद्धतीच्या, जणूं केंब्रिजचा एक तुकडाच उचलून नदीकांठीं आणून ठेविलेला. मिडलटन १८२२ मध्येंच वारले. पण पहिले प्राचार्य विल्यम हॉज मिल हे असे विद्वान् गृहस्थ मिळाले कीं त्यांनीं ख्रिस्ताचें चरित्र संस्कृत श्लोकांत रचिलें. इतकें सर्व जुळून आलें असतांहि विद्यार्थ्यांची संख्या मात्र थोडीच राहिली. देऊळ उत्तम बांधून झालें, पण यात्रा भरेना, अशी स्थिति होती.

मधुसूदनाचा जन्म २५ जानेवारी १८२४ रोजीं जेसोर जिल्ह्यांतील, म्हणजे आजच्या बांगलादेशांतील, सागरदांडी या गांवीं झाला. वडील राजनारायण दत्त हे कलकत्त्याच्या सदर दिवाणी अदालतींतील नामांकित वकील. मुलगा हिंदु कॉलेजांत शिकला, रिचर्डसन यांच्यासारख्या काव्यरसिक शिक्षकाच्या तोंडून शेक्सपिअर ऐकला, आणि आपण इंग्लंडांत जाऊन इंग्रजी कवि व्हावयाचें या एकाच ध्यासानें पछाडला. त्यांत घरच्यांनीं त्याचें लग्न ठरविलें. मुलगी पाहिलेली नाहीं, विलायतेचें स्वप्न तर डोळ्यांपुढून हालत नाहीं. तेव्हां या दोन्हीं अडचणींतून सुटण्याचा एकच मार्ग त्याला दिसला. वडील माणसें पाठवून मुलाला ओढून नेतील या भीतीनें त्याला कांहीं दिवस किल्ल्यांत ठेवण्यांत आलें, आणि ९ फेब्रुवारी १८४३ रोजीं ओल्ड मिशन चर्चमध्यें त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याच्या मनांत श्रद्धा मुळींच नव्हती असें आम्ही म्हणणार नाहीं. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या मनांत श्रद्धा कोठें संपते व महत्त्वाकांक्षा कोठें सुरू होते, हें सांगणें त्याचें त्याला तरी शक्य होतें काय?

विलायत दूरच राहिली. ती त्याला दिसली १८६२ सालीं, तब्बल एकोणीस वर्षांनीं आणि तीहि चर्चच्या नव्हे, आपल्या हिंमतीवर. हिंदु कॉलेज तर बाप्तिस्म्याबरोबरच बंद झालें. कारण तें हिंदु गृहस्थांच्या वर्गणीनें १८१७ सालीं स्थापन झालेलें, व त्यांत धर्मांतर केलेल्या विद्यार्थ्याला जागा नव्हती. दीड वर्षाहून अधिक काळ असा गेल्यावर नोव्हेंबर १८४४ मध्यें तो बिशप्स कॉलेजांत दाखल झाला. येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. या शिक्षणाचा खर्च राजनारायण दत्त यांनीं दिला. ज्या मुलानें कुळाला बट्टा लावला असें सारी बिरादरी म्हणत होती, त्याच्या ख्रिस्ती विद्यालयाची फी त्याच हिंदु बापानें महिन्याच्या महिन्याला भरावी, हें ऐकून पितृहृदयाविषयीं वेगळें कांहीं लिहिण्याची गरज उरत नाहीं.

या विद्यालयाकडून मधुसूदनाची अपेक्षा काय होती, याची कल्पना करणें अवघड नाहीं. विलायतेस जातां आलें नाहीं. निदान विलायतेच्या या प्रतिकृतींत तरी आपण सर्वांच्या बरोबरीनें बसूं, एवढी त्याची आशा असणार. ज्या धर्मांत जातिभेद नाहीं असें सांगितलें जात होतें, त्या धर्माचें हें खास मंदिर. आणि पहिला खटका उडाला तो कपड्यांवरून! काळा झगा, गळपट्टी व चौकोनी टोपी असा विद्यालयाचा पोशाख होता. परंतु तो गोऱ्या विद्यार्थ्यांपुरता. देशी विद्यार्थ्यांनीं पांढरा झगा घालावा, असा तेथील वहिवाटीचा दंडक. मधुसूदनानें तो मानण्याचें साफ नाकारलें. सर्वांचा तोच माझा, नाहींतर माझ्या देशाचा पोशाख मी घालीन, असा त्याचा पवित्रा. चरित्रकार सांगतात कीं, एके दिवशीं तो रेशमी अंगरखा, शाल आणि रंगीत पगडी अशा थाटांत विद्यालयांत आला व सर्वांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. अधिकाऱ्यांना हा देखावा पांढऱ्या झग्याहूनहि गैरसोयीचा वाटला असावा. शेवटीं त्यांनींच हार खाल्ली आणि त्याला इतरांसारखा पोशाख मिळाला.

दुसरी गोष्ट जेवणाच्या टेबलावरची. एका प्रसंगीं पाहुण्यांसह सर्व मंडळी बसली असतां मद्य वाढण्यांत आलें. गोऱ्या विद्यार्थ्यांचे पेले भरले, आणि देशी विद्यार्थ्यांची पाळी आली तेव्हां तें संपलें. मधुसूदनानें आपला रिकामा पेला आपटून फोडला. मद्य मिळालें नाहीं याचें दुःख आम्ही करीत नाहीं. पुढील आयुष्यांत त्यानें तें नको तितकें मिळविलें. पण आमच्या घरांत ज्याला पंक्तिप्रपंच म्हणतात व ज्याबद्दल आमच्या आज्यांनींहि वाढणाऱ्याचे कान उपटले असते, तो येथें घडला, आणि तो सोडून आल्याच्या समाधानांत असलेल्या मुलाच्याच वांट्याला आला.

या दोन्हीं गोष्टी आठवणींच्या रूपानें आल्या आहेत, तेव्हां त्यांचा रंग कांहीं गडद झाला असेल. तरीहि दोहोंचा रोख एकच आहे. विद्यालयाच्या चालकांना दुष्ट ठरविण्याचेंहि कारण नाहीं. त्यांना धर्मोपदेशक हवे होते, साधे, आज्ञाधारक, खेडोपाडीं जाऊन लोकांत मिसळणारे. म्हणून पोशाखहि साधा हवा, असा त्यांचा युक्तिवाद असावा. त्यांच्या दारांत उभा राहिला तो वकिलाचा लाडका मुलगा, बायरनचा भक्त, खर्चिक आणि हट्टी. त्यानें त्या विद्यालयाला किती त्रास दिला असेल याचाहि विचार न्यायबुद्धीनें केला पाहिजे. पण साधेपणाचा उपदेश एकाच वर्णाच्या मुलांना करावयाचा, ही चूक त्या युक्तिवादानें झांकत नाहीं.

आणि एवढें होऊनहि त्या विद्यालयानें जें दिलें तें थोडें नव्हे. ग्रीक व लॅटिन या भाषा तो येथें शिकला, संस्कृताचाहि अभ्यास येथें झाला. होमर, व्हर्जिल, ओव्हिड हे त्याला भाषांतराच्या चाळणींतून नव्हे तर मुळांतून भेटण्याचा मार्ग मोकळा झाला. हिंदु कॉलेजांत राहिला असता तर तो उत्तम इंग्रजी लिहिता, पण ग्रीकापर्यंत पोहोंचता असें वाटत नाहीं.

पुढें बापलेकांत बिनसलें. पुत्राकडून आशा उरली नाहीं असें पाहून राजनारायण यांनीं दुसऱ्या पुत्राच्या इच्छेनें पुन्हां लग्नें केलीं होतीं; १८४७ च्या सुमारास त्यांनीं पैसा बंद केला. फी भरणारा बाप हात आंखडून बसल्यावर विद्यालयांत राहणें कठीण झालें आणि चर्चकडून मनाजोगें काम मिळण्याचें चिन्ह दिसेना. १८४७ च्या अखेरीस मधुसूदन कोणाला फारसें न सांगतां मद्रासकडे निघाला, आणि तेथें एका अनाथ मुलांच्या शाळेंत शिक्षकाची नोकरी धरली. १८४९ मध्यें त्यानें इंग्रजी काव्य छापलें. त्याची एक प्रत पाहून बेथून साहेबांनीं सल्ला दिला कीं, ही बुद्धि स्वभाषेच्या सेवेस लावावी. त्याच वर्षीं त्यानें आपला मित्र गौरदास बसाक याला आपला दिनक्रम कळविला: सकाळीं ६ ते ८ हिब्रू, मग ८ ते १२ शाळा, दुपारीं २ पर्यंत ग्रीक, ५ पर्यंत तेलुगू व संस्कृत, ७ पर्यंत लॅटिन, आणि रात्रीं १० पर्यंत इंग्रजी. शिवपूरची विद्या त्यानें टाकली नव्हती. उलट ती आतां स्वतःच्या कामाला जुंपली होती.

तिचें पीक कलकत्त्यास परतल्यावर आलें. ‘पद्मावती’ नाटकाच्या कथेंत ग्रीकांचें सोन्याचें सफरचंद आहे. ‘वीरांगना’ काव्यांतील पुराणांतल्या स्त्रियांचीं पत्रें ओव्हिडच्या नमुन्यावर लिहिलेलीं आहेत. आणि १८६१ चा ‘मेघनादवध’? रावणाच्या घरचें दुःख सांगणारें तें अमित्राक्षर छंदांतील काव्य होमराशीं परिचय नसलेल्या माणसाला लिहितां आलें नसतें. धर्मोपदेशक घडविण्यासाठीं उघडलेल्या विद्यालयांत मिळालेल्या विद्येनें लंकेच्या राजपुत्राचा शोक गाइला जावा, याची बिशप मिडलटन यांना कल्पना नव्हती.

२९ जून १८७३ रोजीं मधुसूदन कर्जबाजारी अवस्थेंत वारला. तेव्हां दफनाची परवानगी देण्यास चर्चचे वरिष्ठ कांकूं करूं लागले. शेवटीं एका पाद्र्यानें पुढाकार घेतला आणि दुसऱ्या दिवशीं लोअर सर्क्युलर रोडवरील दफनभूमींत प्रेत पुरलें. त्या थडग्यावर त्यानें स्वतः रचून ठेवलेल्या बंगाली ओळी पुढें कोरण्यांत आल्या. त्यांत मायकेल हें नांव नाहीं, विद्यालयाचा उल्लेख नाहीं. दत्तकुळाचें नांव आहे, कपोताक्ष नदीच्या कांठचें सागरदांडी आहे, आणि राजनारायण व जाह्नवी हीं आईबापांचीं नांवें आहेत.