पैनगंगा : उन्हाळ्यात पाण्याचा वाद, पावसाळ्यात पुराचा मार

आदिलाबाद आणि यवतमाळ-चंद्रपूर यांच्यामधली सीमा म्हणजे पैनगंगा. काठावर काळी जमीन, त्यात कापूस अन् सोयाबीन.

उन्हाळ्यात पात्र आटतं, अन् इसापूर धरणाचं पाणी नदीत सोडा, ही मागणी वरच्या काठावरून होते. राज्यांमधला वाद जुनाच. निम्न पैनगंगेचा आंतरराज्य करार १९७५ चा. पण बुडिताच्या भीतीने यवतमाळ-नांदेडच्या गावांनी धरणाला विरोध केला. चनाका-कोरटा बॅरेजसाठी महाराष्ट्र-तेलंगणाचा करार २३ ऑगस्ट २०१६ ला झाला.

पावसाळ्यात चित्र उलटं. १९५० ते २०१५ दरम्यान मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्याचे अभ्यासात आढळले. इसापूरचा विसर्ग वाढला आणि खाली वर्धाही फुगलेली असली, की पैनगंगा तुंबून शेतात शिरते. जुलै २०२३ मध्ये डोलाराजवळ पुराने नागपूर-हैदराबाद महामार्ग बंद पडला.

पाणी दोन्ही काठांवर चढतं. पंचनामा मात्र ज्याच्या-त्याच्या राज्याचा. त्यामुळे पाणीवाटपाइतकीच महत्त्वाची आहे ती विसर्गाची आगाऊ सूचना, दोन्ही काठांना एकाच वेळी मिळणारी. ती नसेल, तर प्रत्येक पुरानंतर बोट पलीकडच्या काठाकडेच दाखवलं जाईल.