दोन बहारांची वेल : दौलताबादची द्राक्षे आणि आमचे परस

आजचा धागा जरा लांबणार आहे. विषय द्राक्षांचा, पण सुरुवात नाशिकपासून नाही. सुरुवात पुण्यातल्या आमच्या जुन्या घराच्या परसापासून आहे, आणि तिथून आपल्याला चौदाव्या शतकातील दौलताबादेस जायचे आहे.

आजीने बारा वर्षांपूर्वी नाशिकहून एक द्राक्षाची काडी आणून परसात लावली. वेल उत्तम वाढली. मांडव भरला, शेजाऱ्यांच्या पत्र्यावर गेली, उन्हाळ्यात खाली बसण्याजोगी सावली झाली. मात्र बारा वर्षांत एकही घड धरला नाही. घरात यावर तीन मते होती. पुण्याची हवा चालत नाही, काडीच जंगली निघाली, आणि शेजारच्यांची नजर लागली. मी इतिहासाची विद्यार्थिनी असल्यामुळे माझे मत कोणी विचारले नाही.

गेल्या वर्षी प्रबंधिकेसाठी इब्न बतूताचा प्रवासवृत्तान्त वाचत होते. मुहम्मद तुघलकाने त्याला चीनकडे वकील म्हणून पाठवले, त्या वाटेवर १३४२च्या सुमारास तो दौलताबादेस आला. तेथील किल्ला, बाजार, गायिकांची पेठ यांबद्दल त्याने सविस्तर लिहिले आहे, आणि इतिहासकार सहसा तेवढेच उचलतात. त्याच भागात जाता जाता तो एक गोष्ट नोंदवतो. या मुलखात द्राक्षे आणि डाळिंबे होतात, आणि त्यांना वर्षातून दोनदा फळ येते.

हे वाक्य मी आधी सोडून दिले होते. प्रवासी लोक अतिशयोक्ती करतातच. मग लक्षात आले की इब्न बतूता ज्या जगातून आला होता, त्या जगात द्राक्ष हे नवलाचे फळ नव्हते. मोरोक्को, सीरिया, इराण, खुरासान हे सारे त्याने पाहिले होते. द्राक्ष वर्षातून एकदाच येते, हे त्याला पक्के ठाऊक होते. म्हणूनच ‘दोनदा’ हा शब्द त्याने मुद्दाम लिहिला असणार.

आता थोडे वनस्पतिशास्त्र, कारण त्यावाचून हे वाक्य उलगडत नाही. द्राक्षवेल मुळात थंड हिवाळ्याच्या प्रदेशातील. तिकडे थंडी पडली की पाने गळतात, वेल झोपी जाते, वसंतात डोळे फुटतात आणि त्या फुटीबरोबर घड येतात. झोप आणि जाग हे तिचे वर्ष. दौलताबाद आणि नाशिक ही दोन्ही ठिकाणे साधारण वीस अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या चांगलीच दक्षिणेस आहेत. इथली थंडी वेलीला झोपवण्याइतकी नसते. मग ती झोपतच नाही. शेंड्याकडचा डोळा फुटत राहतो, खालचे डोळे दबून राहतात, वेल लांबत जाते आणि घडाचा पत्ता नसतो. आमच्या परसात बारा वर्षे नेमके हेच चालले होते.

बाबराचे उदाहरण येथे उपयोगी पडते. हिंदुस्थानात चांगली द्राक्षे नाहीत, चांगली खरबुजे नाहीत, बर्फ नाही, अशी त्याची प्रसिद्ध तक्रार आहे. पुढे आग्र्याच्या बागेत त्याने द्राक्षे आणि खरबुजे लावून घेतली आणि ती आल्यावर त्याला झालेले समाधानही त्याने मोकळेपणाने लिहून ठेवले. पण आग्रा उष्णकटिबंधाच्या बाहेर आहे. तिथला हिवाळा वेलीला थोडीतरी झोप देतो. दख्खनचा प्रश्न निराळा आणि अधिक अवघड होता. बाबराच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधी तो इथे सुटलेला होता, हे इब्न बतूताच्या वाक्यावरून दिसते.

तो कसा सुटला असेल? उत्तराची किल्ली माझ्या मते त्या वाक्यातल्या डाळिंबात आहे. डाळिंबाचा बहार धरणे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या बागायतदारांना सांगायला नको. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : झाडाचे पाणी तोडायचे, त्याला ताण द्यायचा, पाने गळू द्यायची, मुळांभोवतीची माती उकरून मोकळी करायची, आणि मग खत घालून पाणी सोडायचे. झाड सारे बळ एकवटून फुलते. मृग, हस्त आणि आंबे हे तीन बहार. त्यातला कोणता धरायचा ते पाणी आणि बाजार पाहून ठरवायचे. ‘बहार’ हा शब्द फारसी आणि त्याचा मूळ अर्थ वसंत. आपण ‘बहार धरला’ म्हणतो तेव्हा शब्दशः वसंत धरलेला असतो. जिथे ऋतू वसंत आणून देत नाही, तिथे माळी तो तहानेने घडवतो.

द्राक्षवेलीला हीच युक्ती कात्रीने करतात. एप्रिलमध्ये काड्या अगदी आखूड कापून वेल जवळजवळ बोडकी करायची. ही खरड छाटणी. त्यानंतर ज्या नव्या काड्या येतात त्यांच्या डोळ्यांत, पहिल्या दीड-दोन महिन्यांत, पुढच्या घडाचे सूक्ष्म रूप तयार होते. त्या काळात काडीवर ऊन पडले पाहिजे. दाट सावलीत डोळा आंधळा राहतो. मग पावसाळा सरला की ऑक्टोबरच्या आसपास त्या काड्या, वाणाप्रमाणे काही डोळे राखून, पुन्हा छाटायच्या. ही गोडी छाटणी. तिच्या फुटीबरोबर घड बाहेर येतात आणि साधारण चार महिन्यांनी, कोरड्या हवेत, पिकतात.

‘गोडी’ हे नावच एक ऐतिहासिक साधन आहे, असे मला वाटते. वेल दोनदा छाटली की तिला दोनदा घड येऊ शकतात. परंतु एप्रिलच्या छाटणीवर आलेले घड पावसात सापडतात, कुजतात, राहिले तर आंबट निघतात. गोड पीक तेवढे दुसऱ्या छाटणीचे. म्हणून महाराष्ट्रात पहिल्या छाटणीवर काडी तयार करायची आणि दुसऱ्या छाटणीवर पीक घ्यायचे, अशी रीत बसली. तमिळनाडूच्या कंबम खोऱ्यात हवामान निराळे असल्याने आजही एका वर्षात एकाहून अधिक पिके घेतात. तेव्हा इब्न बतूताने पाहिलेले दोन हंगाम ही अतिशयोक्ती नव्हे. दौलताबादच्या बागांत वेलीला वर्षातून दोनदा जागे करण्याची काहीतरी पद्धत होती. ती कात्रीची, ताणाची की दोहोंची, यावर वाद घालता येईल. माझा कौल दोहोंकडे आहे.

मग ही विद्या कोणाची? आपल्याकडे याचे झटपट उत्तर ‘सुलतानांनी द्राक्षे आणली’ किंवा ‘आपल्याकडे वेदकाळापासून होती’ असे दोन टोकांना मिळते. दोन्ही उत्तरे आळशी आहेत. संस्कृत ग्रंथांना द्राक्ष उत्तम माहीत होते. चरकाने फळांमध्ये मृद्वीकेला अग्रस्थान दिले आहे. पण अर्थशास्त्रात द्राक्षमद्याची नावे येतात ती कापिशायन आणि हारहूरक, म्हणजे वायव्येकडच्या प्रदेशांवरून पडलेली. दख्खनेत द्राक्ष आधी मनुका होऊन व्यापाऱ्याच्या पोत्यातून आले असावे, आणि वेल बरीच नंतर.

वाणांची नावे पाहा. जहांगीर आपल्या आठवणींत साहिबी, हबशी आणि किशमिशी या जाती अकबराच्या काळापासून हिंदुस्थानात होऊ लागल्याचे सांगतो. दख्खनच्या जुन्या बागांत पंढरी साहेबी होती, हबशी होती, फकडी होती. आणि नाशिककडे अनेक पिढ्या सर्वाधिक लावली गेली ती भोकरी. तिच्या नावात मात्र दरबार नाही, बांधावरचे भोकर आहे. वेली चढवीत त्या लाकडी खांबावर नव्हे, तर जिवंत पांगाऱ्यावर. खांबाला वाळवी लागते, पांगारा वाढत राहतो, आणि छाटला की पाहिजे तेवढेच ऊन आत येते. बाहेरून आलेली वेल आणि इथले झाड यांचा हा संसार कोणा सुलतानाच्या फर्मानाने जमलेला नाही. तो रोज वेलीपाशी उभ्या राहणाऱ्या माळ्याने जमवला. दप्तरांत त्याच्या बागेचा सारा सापडतो, त्याचे नाव सापडत नाही.

पुढचा इतिहास नावानिशी मिळतो, म्हणून थोडक्यात. पुण्याच्या गणेशखिंड येथे डॉ. चीमा यांनी पंढरी साहेबीच्या रोपांतून निवड केली, ती ‘चीमा साहेबी’. नंतर बिनबियांची थॉमसन सीडलेस आली आणि भोकरीचे राज्य संपले. हे थॉमसन नाव कॅलिफोर्नियातले, पण वाण मूळचा पश्चिम आशियातील सुलताना, किशमिशी घराण्यातला. त्यातूनच सोलापूरजवळ नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ निवडली, आणि तासगावच्या बाजूने ‘तास-ए-गणेश’ आली. निदान येथे तरी शेतकऱ्याचे आणि गावाचे नाव टिकले.

आता परत परसात. मैत्रिणीचे वडील निफाडकडचे बागायतदार. ते घरी आले, मांडवाखाली उभे राहिले आणि पहिलाच प्रश्न त्यांनी केला, “आजी, हिला कधी कात्री लावली होती का?”

आजी म्हणाली, “हिरव्यागार वेलीला कात्री कशी लावायची हो?”

ते हसले नाहीत. त्यांनी एक काडी हातात घेऊन आजीला डोळा दाखवला, त्याच्या आत काय असते ते सांगितले. ऑक्टोबरात आजीने पांगाऱ्याएवढे मोठे मन करून अर्धी वेल छाटू दिली. अर्धी सावलीसाठी राखली. पंधरवड्यात छाटलेल्या बाजूचे डोळे फुगले. फेब्रुवारीत तीन घड पिकले. त्यातला एक बुलबुलांनी नेला, एक शेजारी दिला (नजरेचा हिशेब फिटावा म्हणून), आणि एक आम्ही पाच जणांनी वाटून खाल्ला. मणी बारीक होते, बिया मोठ्या होत्या, गोडी ठीक होती.

बिया निघाल्या म्हणजे ती थॉमसन नव्हे. जुन्या वाणांपैकी कोणती असेल, हे विचारायला काडीचे छायाचित्र निफाडला पाठवले आहे. खरड छाटणीचा एप्रिल जवळ आला आहे, आणि आजी म्हणते, ऐन उन्हाळ्यात मांडव उघडा पाडायचा तर दुपारी बसायचे कुठे, ते आधी सांगा.