गर्द उतरल्यानंतर

गर्द शरीरातून उतरायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. मनातून उतरायला किती लागतात, या प्रश्नाभोवती पुण्यात एक संस्था उभी राहिली. 'मुक्तांगण'ची गोष्ट आपल्याकडे बहुतेकदा अवचट दांपत्याचं मोठं समाजकार्य म्हणून सांगतात. मला त्यातली वेगळी बाब महत्त्वाची वाटते. तिथे बोलण्याला उपचाराचा दर्जा मिळाला.

गर्द म्हणजे ब्राऊन शुगर, हेरॉइनचं भेसळयुक्त रूप. पन्नीवर ठेवायची, खालून काडी लावायची आणि धूर ओढायचा. १९८०च्या दशकात ती मुंबई-पुण्यातल्या कॉलेजच्या पोरांपर्यंत पोचली. १९८५ साली अमली पदार्थांविरुद्ध कडक कायदा आला. पण कायदा माणसाला पकडतो, बरा करत नाही. डॉक्टरकी सोडून लेखणी धरलेले अनिल अवचट गर्दुल्ल्यांना भेटत राहिले, त्यांच्यावर लिहीत राहिले. ते लेख वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी केंद्र काढायला मदत देऊ केली. अनिल यांच्या पत्नी डॉ. सुनंदा अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्याच आवारात मुक्तांगण सुरू झालं.

गर्द बंद केल्यावर अंग मोडून येतं, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते. गर्दुल्ल्यांच्या भाषेत ही 'टर्की'. औषधांनी ती सुसह्य करता येते. मग प्रश्न असा की, हे दहा दिवस काढल्यावर माणूस बरा झाला म्हणायचं का? मुक्तांगणचा उपचार ३५ दिवसांचा ठरला, तो यासाठीच. टर्की संपल्यावर खरं काम सुरू होतं: गटात बसून आपली गोष्ट सांगायची, दुसऱ्याची ऐकायची. ओढ कधी लागते? पगाराच्या दिवशी, ठरावीक मित्र दिसल्यावर, की घरी भांडण झाल्यावर? त्या वेळी काय करायचं, हे आधीच ठरवायचं. समोरचा समुपदेशक बऱ्याचदा स्वतःच व्यसनातून बाहेर पडलेला असतो, त्यामुळे त्याच्यापुढे थापा चालत नाहीत. रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा वेगळा गट आहे, कारण घरालाही बोलायचं असतं.

मात्र नुसतं बोलणं पुरतं का? अफूच्या कुळातल्या व्यसनांत हा प्रश्न जिवावरचा आहे. काही आठवडे बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती घटते आणि जुना डोस पुन्हा घेतला तर माणूस मरू शकतो. म्हणून १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर यांनी हेरॉइनऐवजी रोज मेथाडोन देण्याची पद्धत मांडली. आपल्याकडे जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी हेच काम करते. १९८३ साली फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी मेथाडोनवर असलेल्या माजी सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या समुपदेशनाला मानसोपचाराची जोड मिळालेल्यांना अधिक फायदा झाला, विशेषतः ज्यांचा मानसिक त्रास मोठा होता त्यांना. म्हणजे गोळी जीव तगवते आणि बोलणं त्या तगलेल्या जिवाला रस्ता दाखवतं. दोघांना एकमेकांविरुद्ध उभं करण्यात अर्थ नाही.

मी दुधनीचा. अक्कलकोट तालुक्यातलं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं आमचं गाव. आमच्याकडे व्यसन सोडवायचा सगळ्यात जुना उपाय म्हणजे शपथ: स्वामींची, नाहीतर आईची. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर आमचा एक सोबती कोडीनचं खोकल्याचं औषध बाटलीबाटलीनं प्यायचा. कोडीनही अफूच्याच कुळातलं. घरच्यांनी त्याला नेलं, शपथ घातली, परत आणून सोडलं. महिना व्हायच्या आत बाटली परत आली. आता सोबत देवाला फसवल्याची भीतीही होती, आणि ती विसरायला त्याला आणखी एक बाटली लागायची. मोडलेल्या शपथेनंतर माणूस तोंड लपवतो. बोलण्याच्या उपचारात घसरलेल्या माणसालाही परत यायला जागा असते. दोन्हींतला फरक मला इतकाच दिसतो, आणि तो मोठा आहे.

आणखी एक अडचण आमच्या सीमाभागाची. गोळी कुठल्याही भाषेत गिळता येते, पण बोलणं भाषेशिवाय होत नाही. आमच्याकडे घरात कन्नड, शाळेत मराठी, मोंढ्यात दोन्ही. आईशी भांडण झाल्यावर काय वाटलं, हे ज्या भाषेत भांडण झालं त्याच भाषेत नीट सांगता येतं. फॉर्म मात्र आपण मराठीत भरतो.

केंद्र सरकारच्या २०१९च्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ७७ लाख लोकांना अफूजन्य पदार्थांच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. त्यातल्या प्रत्येकाला पुणे गाठता येणार नाही. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६. टेली-मानसवर मराठीत बोलता येतं, कन्नडमध्येही. हे आकडे फोनमध्ये ठेवा. शपथ घालण्याआधी कुणाला तरी ते देता येतील.